चेक इंजिनचा दिवा लागला? सेन्सर विकत घेण्याआधी हे मोजा

किल्ली ऑन केली की डॅशबोर्डवरचे सगळे इशाऱ्याचे दिवे एकदा लागतात आणि थोड्या वेळात विझतात. पहिली तपासणी इथेच होते. न विझणारा दिवा कोणालाही दिसतो, मुळात न लागणारा दिवा मात्र नजरेतून सुटतो. जुनी गाडी बघायला गेलात तर चेक इंजिन, एबीएस आणि एअरबॅग हे तिन्ही दिवे किल्ली ऑन केल्यावर लागतात का ते आधी पाहा. एखादा लागत नसेल तर बल्ब काढलेला असू शकतो किंवा त्यावर आतून काळी टेप चिकटवलेली असू शकते. याहून चलाख काम म्हणजे एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून देणं. ते ओळखायचं असेल तर इंजिन सुरू न करता थांबा. धड एअरबॅगचा दिवा सेल्फ न मारताही काही सेकंदांत आपोआप विझतो. ऑइलचा दिवा इंजिन फिरून प्रेशर तयार झाल्याशिवाय विझत नाही. दोन्ही एकाच क्षणी विझत असतील तर गडबड आहे.

आता कधी थांबायचं ते. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ म्हटलं तर तेवढ्यात बेअरिंग जाऊ शकतात. बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल पुरेसं असेल तर प्रेशर स्विचही खराब असू शकतो, पण ते यांत्रिक गेज लावून सिद्ध झाल्याशिवाय गाडी सुरू करू नका, टो करून न्या. तापमानाच्या लाल दिव्यालाही हाच नियम लागू. ब्रेकचा लाल दिवा आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते विचारतो, मग ब्रेक ऑइलची पातळी. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि डब्यातलं ऑइल तेवढं खाली जातं. म्हणून नुसतं ऑइल भरून दिवा घालवू नका, पॅड किती उरलेत आणि कुठे गळती आहे का ते बघा. बॅटरीचा लाल दिवा लागला तर बोनेट उघडून बेल्ट पाहा. त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरत असेल आणि बेल्ट तुटला असेल, तर गाडी पुढे नेऊ नका.

पिवळा चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं. तो उघडझाप करत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. अॅक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी कन्व्हर्टर जाळून घ्यायला नको.

सगळं डॅशबोर्ड दिवाळीसारखं उजळलं तर

एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, चेक इंजिन असे चार-पाच दिवे एकदम लागले तर चार-पाच सेन्सर एकाच दिवशी गेलेले नसतात. बहुतेक वेळा व्होल्टेज पडलेलं असतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जागच्या जागी वळवताना भरपूर करंट ओढतं, म्हणून अशक्त बॅटरीची तक्रार अनेकदा स्टिअरिंगचा दिवा सगळ्यात आधी करतो.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू असताना, हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर लावून, १३.८ ते १४.५ यायला हवेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर (इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर) गाडीतल्या कॉम्प्युटरचा ताबा असतो. तिथे बॅटरी भरलेली असताना आकडा काही काळ १२.८ पर्यंत उतरला तर घाबरू नका, लोड टाकल्यावर वर चढतो का ते बघा. १५ च्या वर सतत राहत असेल तर रेग्युलेटर गेला. मग मीटर एसी व्होल्टवर घ्या. इंजिन सुरू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसत असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला आहे. असा डायोड चार्जिंग जेमतेम दाखवत राहतो आणि सेन्सरच्या सिग्नलमध्ये घाण मिसळतो, त्यामुळे कसलेही कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) येतात.

जुन्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. अल्टरनेटर जागा होण्यासाठी लागणारा सुरुवातीचा करंट बॅटरीच्या दिव्यातूनच जातो. दिव्याचा बल्ब उडाला तर चार्जिंगच सुरू होत नाही आणि ते सांगायला दिवाही उरत नाही.

बॅटरी ठीक निघाली की अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी, तपासा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. ०.८ किंवा १ व्होल्ट आला तर इंजिनची अर्थ वायर सैल, गंजलेली किंवा आतून तुटलेली आहे. हीच तपासणी निगेटिव्ह खांब ते बॉडी अशीही करा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने अर्थचे बोल्ट वरून चांगले दिसतात, पण लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असते. बोल्ट काढा, धातू चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

अर्थ वायरला मीटरचा बीपर लावून “वाजतंय, म्हणजे ठीक” म्हणणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. वायरच्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीपर वाजतो. पॉवर किंवा अर्थची वायर लोड देऊनच तपासायची. त्यासाठी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घेऊन त्याला दोन वायरी जोडा. तो जवळजवळ पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे वायर आजारी असेल तर बल्ब मंद पेटतो. हा बल्ब सेन्सरच्या सिग्नल वायरला किंवा कॉम्प्युटरच्या पिनेला मात्र चुकूनही लावायचा नाही.

फ्यूज काढून डोळ्यांनी बघण्यापेक्षा जागेवर ठेवूनच त्याच्या पाठीवरच्या दोन बारीक खिडक्यांत मीटर लावा. किल्ली ऑन असताना दोन्हीकडे १२ व्होल्ट हवेत. नवा टाकताना तेवढ्याच अँपिअरचा घ्या: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. १० चा पुन्हा उडतो म्हणून २० चा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

स्कॅनर लावा, पण कोड पुसू नका

भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने आपले दोष स्वतः नोंदवून ठेवण्याची यंत्रणा) आलं, आणि एप्रिल २०२० पासून सगळ्याच नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, १६ पिनांचं सॉकेट सापडतं. ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरचं एखादं अॅप एवढ्यावर इंजिनाचे कोड आणि चालू आकडे वाचता येतात. एबीएस आणि एअरबॅगचे कोड मात्र स्वस्त अडॅप्टर सहसा दाखवत नाहीत, त्यासाठी कंपनीनिहाय सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो. अडॅप्टरचा दिवाच पेटत नसेल तर सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर १२ व्होल्ट आणि ४ नंबरवर अर्थ आहे का ते मोजा. काही गाड्यांत सिगारेट लायटर आणि हे सॉकेट एकाच फ्यूजवर असतं.

कोडचं पहिलं अक्षर भाग सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे कॉम्प्युटरांमधला संवाद. आलेला प्रत्येक कोड कागदावर लिहा, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचं तापमान, आरपीएम, वेग आणि लोड किती होता ते फ्रीझ फ्रेममध्ये असतं. थंड इंजिनला पडलेला कोड आणि घाट चढताना पडलेला कोड यांची कारणं वेगळी असतात. आधीच कोड पुसला तर ही माहिती जाते, शिवाय कॉम्प्युटरने शिकलेले इंधनाचे आकडेही शून्यावर येतात. गॅरेजमध्ये गाडी देताना “आधी कोड लिहून द्या, मग पुसा” असं स्पष्ट सांगा.

कोडात सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर गेला असं नाही. पी०११८ चा अर्थ कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आलं, एवढाच. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आहे, दोन वायरी आहेत आणि शेवटी कॉम्प्युटर आहे. नेमकं कोण बिघडलंय हे पुढच्या पाच मिनिटांत कळतं.

दोन वायरींचा सेन्सर: उणे ४० ची खूण

कूलंटचा आणि आत जाणाऱ्या हवेचा तापमान सेन्सर हा एक साधा रेझिस्टर असतो, तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. २० अंशाला साधारण २ ते ३ किलोओहम, ८० अंशाला ३०० ओहमच्या आसपास. कॉम्प्युटर आतल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सर त्यातले किती खाली खेचतो ते बघतो. वायर तुटली की खेचणारं कोणी उरत नाही, व्होल्टेज ५ वर जातं आणि स्कॅनरवर तापमान उणे ४० दिसतं. महाराष्ट्रात कुठेही, कोणत्याही सकाळी, हे तापमान खरं असू शकत नाही. वायरी एकमेकींना चिकटल्या की उलट होतं, आकडा १३० च्या पुढे पळतो.

तपासणी अशी. किल्ली ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर तापमान लावून ठेवा. आकडा १३० च्या वर असेल तर सेन्सरचा कपलर काढा: लगेच उणे ४० झाला तर सेन्सर आतून शॉर्ट आहे, तसाच राहिला तर वायरिंग शॉर्ट आहे. आकडा आधीच उणे ४० असेल तर कपलर काढून वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना पातळ तारेने जोडा. आकडा उसळी मारून वर गेला तर वायरी आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक, सेन्सर बदला. हलला नाही तर वायर तुटली आहे. दोनपैकी एका पिनेवर ५ व्होल्ट मिळत असतील तर तुटलेली वायर अर्थची, मिळत नसतील तर सिग्नलची. कपलर काढल्यावर रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, हात लांब ठेवा. तार जोडायची ही युक्ती फक्त या दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे.

कोड नसतानाही सेन्सर खोटं बोलू शकतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट आणि हवा यांची तापमानं जवळजवळ सारखी हवीत. दोघांत दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर एकजण चुकतोय.

तीन वायरींचे सेन्सर आणि सामायिक ५ व्होल्ट

थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप), मॅनिफोल्ड प्रेशर (त्या झडपेच्या पुढच्या नळीतला हवेचा दाब), अॅक्सिलरेटर पेडल या सेन्सरांना तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. (पेडलमध्ये असे दोन संच असतात.) मल्टीमीटरची पिन कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने, पातळ सुई सरकवून लावा. वायरचं आवरण टोचू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि वर्षभराने वायर आतून हिरवी पडते.

५ व्होल्टची ही लाइन बहुधा दोन-तीन सेन्सरांत वाटलेली असते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट पडतात आणि तिघांचे कोड येतात. अशा वेळी मीटर ५ व्होल्टच्या वायरवर ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. सगळे काढूनही येत नसतील तर ती वायर कुठेतरी बॉडीला घासली आहे.

मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर (मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हाच असतो) तपासायला निसर्गाने फुकट गेज दिलंय. किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात साधारण ९५, महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. इंजिन तापल्यावर, एसी बंद ठेवून आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) तो ३० ते ४० पर्यंत उतरतो. पुण्यात उभ्या गाडीत ८० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याच्या वायरी बघा. आयडललाच ५५ असेल तर सेन्सर खरं सांगतोय, इंजिनात कुठून तरी हवा घुसते आहे किंवा टायमिंग हललं आहे.

पी०१७१ आणि ऑक्सिजन सेन्सरची बदनामी

मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, असं हा कोड सांगतो. ते कळवणारा ऑक्सिजन सेन्सर असतो, म्हणून बदलला जातो तोही. निरोप आणणाऱ्यालाच मार. त्याऐवजी अॅपमध्ये शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते आकडे) बघा. दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असली की ठीक. आयडलला अधिक २५ आणि २५०० आरपीएमला अधिक ५ असेल तर थ्रॉटलच्या पुढे व्हॅक्यूम पाइप तडकलाय: इंजिन सावकाश फिरत असताना ती चोरटी हवा प्रमाणात जास्त पडते. याउलट आयडलला ठीक आणि चढावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही, म्हणजे फिल्टर किंवा पंप. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत तो मळला असेल तरी असंच दिसतं. एमएएफ फक्त त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुवा, ब्रेक क्लीनरने नाही, आणि आतल्या तारेला बोट लावू नका.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत हा कोड आला तर तीसेक किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवून ट्रिम पुन्हा बघा. पेट्रोलवर आकडे जागेवर आले तर दोष किटच्या मॅपिंगमध्ये किंवा गॅसच्या फिल्टरमध्ये आहे.

ऑक्सिजन सेन्सरचा हीटर मात्र खरोखर जातो, त्याचा कोड पी०१३५. चार वायरींच्या सेन्सरमध्ये हीटरच्या दोन वायरी बहुधा एकाच रंगाच्या असतात. थंड असताना त्यांच्यात साधारण ४ ते १५ ओहम यावेत. मीटरवर काहीच आलं नाही तर हीटर तुटला. पण आधी त्याचा फ्यूज बघा. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा कोड, आला तर कन्व्हर्टरचा भाव विचारण्याआधी एक्झॉस्टच्या जोडातून हवा फुटत नाही ना आणि मिसफायरचा कोड सोबत नाही ना, ते पाहा.

एबीएसचा दिवा

एकटा एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालू असतात. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही बंद पडली असू शकते. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतील, म्हणून सावकाश गॅरेज गाठा.

स्कॅनरवर चारही चाकांचे वेग लावून, शेजारच्याला बघायला बसवून, मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगाने सरळ चालवा. जो आकडा मागे राहतो किंवा मधूनच शून्य होतो, ते चाक. तिथे क्रमाने बघा: सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा, सस्पेन्शनपाशी वाकून वाकून तुटलेली वायर, दात्यांच्या रिंगला गंज किंवा तडा. गाडी थांबता थांबता, पाच-दहाच्या वेगाला, ब्रेक पेडल विनाकारण थरथरत असेल तर बहुधा रिंगच तडकलेली असते. व्हील बेअरिंग बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी दिवा लागला तर बेअरिंग उलटं बसवलंय का ते विचारा. नव्या बेअरिंगांत चुंबकीय पट्टी एकाच बाजूला असते, ती सेन्सरकडे यावी लागते.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण ८०० ते २००० ओहम असतो, आणि चाक हाताने फिरवल्यावर एसी व्होल्टवर आकडा हलतो. नव्या गाड्यांतल्या अॅक्टिव्ह सेन्सरवर ओहम मोजू नका, त्यातून काही कळत नाही आणि सेन्सर बिघडू शकतो. तिथे कपलर काढून, किल्ली ऑन ठेवून, वायरिंगकडून पुरवठा येतोय का एवढंच बघा.

एअरबॅग: इथे मीटर खाली ठेवा

एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मल्टीमीटर लावायचा नाही. मीटरच्या बॅटरीचा करंटही नको त्या वेळी बॅग फोडू शकतो. घरी करण्यासारखं निरीक्षण एवढंच: एअरबॅगच्या दिव्याबरोबर हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील तर स्टिअरिंगमागची गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटली आहे. सीट मागे-पुढे केल्यावर किंवा गाडी आतून धुतल्यावर दिवा लागला असेल तर सीटखालचा पिवळा कपलर सैल झालाय. बाकीचं काम बॅटरी काढून, कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबून, जाणकारानेच करावं.

उंदीर, पाऊस आणि जास्तीच्या वायरी

आपल्याकडे बरेच “सेन्सर फॉल्ट” या तिघांचे असतात. उभ्या गाडीत रात्रीतून दिवा लागला की बोनेट उघडून इंजिनच्या मागच्या बाजूला लेंड्या आणि कुरतडलेलं इन्सुलेशन शोधा. तुटलेली वायर पिळून टेप लावली तर ती पावसाळ्यापर्यंतच टिकते. सारख्याच जाडीची वायर घ्या, डाग द्या (सोल्डर करा), आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी तुटल्या असतील तर त्या बहुधा कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या, असतात, जोडल्यानंतर पीळ तसाच ठेवा. शंका असेल तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरमध्ये ओहम मोजा. ६० आले तर दोन्ही टोकं जोडलेली आहेत, १२० आले तर एक टोक कुठेतरी सुटलंय.

इंजिन प्रेशरने धुतल्यावर मिसफायरचा कोड आला तर कॉइल काढून प्लगच्या विहिरीतलं पाणी हवेने उडवा. आणि बाहेरून बसवलेला हॉर्न, एलईडी, कॅमेरा, म्युझिक सिस्टीम यांच्या वायरी कुठून टॅप केल्यात ते शोधा. त्या तात्पुरत्या सुट्या करून दिवा राहतो का बघणं हे नवा सेन्सर घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

दुरुस्ती झाली की कोड पुसा आणि फ्रीझ फ्रेममध्ये होती तशाच परिस्थितीत गाडी चालवा: थंड इंजिनचा कोड असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, चढावरचा असेल तर चढावर. बरेच कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर अॅपमध्ये पेंडिंग कोडची यादी उघडून बघा. तिथे तोच आकडा परत दिसला तर दिवा लागायची वाट बघू नका, त्याच सर्किटवर पुन्हा मीटर लावा.